बायपास, ताठर धमन्या आणि बीपी: पेशंट आणि नातेवाईक वारंवार विचारतात ते प्रश्न

हृदयाच्या ऑपरेशनसाठी भूल देणं हे माझं रोजचं काम. ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी पेशंटला भेटायला वॉर्डात गेलं की ब्लॉक किती, टाके किती, डिस्चार्ज कधी हे प्रश्न सर्जनला विचारून झालेले असतात. माझ्याकडे येतात ते बीपीचे प्रश्न. बायपासमध्ये बीपीकडे क्षणाक्षणाला लक्ष ठेवावं लागतं. तो आकडा कुठून येतो आणि धमन्या कडक झालेल्या माणसात त्याचा अर्थ कसा बदलतो, हे घरच्यांना नीट कळलं तर त्यांची निम्मी घालमेल कमी होते, असं मला मनापासून वाटतं.

धमन्या ताठर झाल्या म्हणजे ब्लॉकच झाले ना?

नाही. ब्लॉक म्हणजे धमनीच्या आतली वाट अरुंद होणं. ताठरपणा हा धमनीच्या भिंतीचा दोष आहे. दोन्ही गोष्टी बऱ्याचदा एकाच माणसात सापडतात, कारण वय, मधुमेह, तंबाखू, उच्च रक्तदाब, किडनीचा आजार ही कारणं दोन्हीकडे सारखीच. पण वाट मोकळी असूनही भिंत कडक असू शकते.

हृदयातून निघणारी महाधमनी, म्हणजे एओर्टा, तरुणपणी चांगली लवचिक असते. हृदयाचा ठोका पडला की ती फुगते, थोडं रक्त पोटात धरून ठेवते आणि दोन ठोक्यांच्या मधल्या वेळात आकसून ते पुढे ढकलते. त्यामुळे हृदय थांबून थांबून रक्त सोडत असलं तरी अवयवांना ते अखंड मिळतं. भिंतीतली ही लवचिकता इलास्टिन नावाच्या तंतूंमुळे येते. हे तंतू मुख्यतः लहानपणीच तयार होतात. पुढे ते झिजतात, तुटतात, त्यांच्या जागी कोलॅजनचे कडक तंतू येतात आणि भिंतीत कॅल्शियम साचतं. ठिबकची नवी नळी आणि उन्हात चार वर्षं वाळलेली नळी हातात धरून बघा. पाणी दोन्हीतून जातं, पण दाब वाढला की नवी थोडी ऐसपैस होते आणि जुनी सगळा धक्का तसाच पुढे पाठवते.

बाबांचं वरचं बीपी १७० आहे, पण खालचं फक्त ६०. खालचं चांगलं आहे, मग एवढी काळजी कशाला?

हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक घरातून येतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो. ताठर धमन्यांमध्ये वरचं बीपी चढतं आणि खालचं उतरतं. हृदय रक्त फेकतं तेव्हा महाधमनी फुगून ते सामावून घेत नाही, म्हणून वरचा आकडा उंच जातो. मग मागे काही साठाच उरलेला नसतो, म्हणून दोन ठोक्यांच्या मध्ये दाब झपाट्याने खाली येतो. त्यात आणखी एक भर पडते. प्रत्येक ठोक्याची दाबाची लाट पुढच्या लहान धमन्यांवर आदळून मागे फिरते. लवचिक धमन्यांत ती निवांत परत येते, हृदय विसावलेलं असताना, आणि तेव्हाचा दाब टिकवायला मदतच करते. ताठर धमन्यांत ती इतक्या वेगाने परतते की हृदय अजून रक्त ढकलत असतानाच समोर येऊन उभी राहते. हृदयाला मग जास्त जोर लावावा लागतो आणि विश्रांतीच्या वेळचा आधारही जातो.

आता ६० या आकड्याचं महत्त्व. हृदयाच्या डाव्या, मुख्य पंप करणाऱ्या कप्प्याच्या स्नायूला रक्तपुरवठा होतो तो बहुतांशी दोन ठोक्यांच्या मध्ये, स्नायू सैल पडल्यावर. त्या वेळी महाधमनीत दाब किती आहे, तेच हे खालचं बीपी. आधीच कोरोनरी धमन्यांत, म्हणजे हृदयाला रक्त देणाऱ्या धमन्यांत, ब्लॉक आणि त्यात खालचं बीपी कमी, म्हणजे हृदयाच्या स्नायूची दोन्हीकडून उपासमार.

वरच्या आणि खालच्या आकड्यातलं अंतर आम्ही मुद्दाम पाहतो. निरोगी माणसात ते साधारण ४० असतं, तुमच्या बाबांचं ११० आहे. हे अंतर खूप मोठं असलेल्या पेशंटमध्ये बायपासनंतर मेंदू आणि किडनीच्या तक्रारी जास्त दिसतात, असं अभ्यासांतून पुढे आलेलं आहे. मोठ्या अंतराचे हादरे मेंदू आणि किडनीतल्या नाजूक रक्तवाहिन्यांपर्यंत तसेच पोहोचतात.

एक गणित करून बघा. खालच्या आकड्याची दुप्पट, त्यात वरचा आकडा मिळवायचा आणि तीनने भागायचं; सरासरी बीपी येतं. १७०/६० चं येतं सुमारे ९७. १२५/८२ चं येतं ९६. सरासरी जवळजवळ तीच, पण या दोन माणसांच्या धमन्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे आणि भूल देताना दोघांना एका मापाने तोलून चालत नाही. १७० खाली आणायला औषध सोडलं की ६० चे ४५ व्हायला वेळ लागत नाही. वरचा आकडा बेताने उतरवायचा आणि खालचा पडू द्यायचा नाही, ही कसरत आम्ही पूर्ण ऑपरेशनभर करत असतो.

ताठरपणा मोजायची काही तपासणी असते का?

असते. मानेतल्या आणि जांघेतल्या धमनीवर एकेक सेन्सर ठेवून नाडीची लाट तेवढं अंतर किती वेगाने कापते ते मोजतात. वेग सेकंदाला १० मीटरपेक्षा जास्त असेल तर महाधमनी ताठर मानली जाते. तपासणीत सुई नाही, दुखत नाही.

बायपासआधी मात्र ती सरसकट होत नाही आणि झाली नाही म्हणून काही राहून गेलं असं समजू नका. अंदाज बांधायला इतर बऱ्याच खुणा असतात: बीपीतलं ते अंतर, मधुमेह किती वर्षांचा, किडनीचं काम सांगणारं रक्तातलं क्रिएटिनिन किती, छातीच्या एक्स-रेत महाधमनीच्या कमानीवर चुन्यासारखी पांढरी कड दिसते का, अँजिओग्राफी करताना पडद्यावर कॅल्शियम दिसलं का. शंका आली तर छातीचा सीटी स्कॅन सांगतात. तो सांगितला तर टाळू नका.

दोन्ही हातांचं बीपी का घेतलं? एका हाताचं पुरत नाही?

ब्लॉकला वळसा द्यायला जी रक्तवाहिनी जोडतात तिला ग्राफ्ट म्हणतात. बायपासमध्ये सगळ्यात टिकाऊ ग्राफ्ट म्हणजे छातीच्या आतल्या बाजूने जाणारी डावी धमनी, जिला सगळे ‘लिमा’ म्हणतात. ती निघते डाव्या हाताला रक्त नेणाऱ्या मोठ्या धमनीतून. त्या मोठ्या धमनीतच अडथळा असेल तर डाव्या हाताचं बीपी उजव्यापेक्षा कमी लागतं. हे आधी कळलं नाही तर हृदयाला जोडलेला नवा ग्राफ्ट उपाशी राहतो. कधी कधी डाव्या हाताने काम करताना रक्त हृदयाकडून उलटं हाताकडे ओढलं जातं. म्हणून वरच्या आकड्यात १५ किंवा त्याहून जास्त फरक दिसला की आम्ही थांबतो आणि पुढची तपासणी करतो. शिवाय ज्या हाताचं बीपी जास्त, तोच आकडा खऱ्याच्या जवळचा मानायचा. दोन मिनिटांचं काम आहे, पण यातून फार मोठी चूक टळते.

मनगटाच्या धमनीत सुई कशासाठी? दंडाच्या पट्ट्यावर एवढं मोठं ऑपरेशन का होत नाही?

पट्ट्याला एकदा फुगून उतरायला अर्धा-पाऊण मिनिट लागतं. बायपासमध्ये तेवढ्या वेळात बीपी १३० वरून ६० वर येऊ शकतं. दुसरं कारण त्याहून पक्कं: हृदय आणि फुप्फुसांचं काम तात्पुरतं करणारं हार्ट-लंग मशीन चालू असताना नाडीच नसते. यंत्र संथ, एकसारखं रक्त सोडतं. पट्ट्याचं मशीन नाडीच्या हेलकाव्यांवर चालतं. हेलकावे नाहीत तर आकडा नाही.

म्हणून धमनीत लाइन टाकतात. हात पालथा न ठेवता तळवा वर करून मनगटाखाली कापडाची छोटी गुंडाळी ठेवतो, म्हणजे मनगट थोडं मागे वाकतं आणि नाडी बोटाला वर लागते. तिथे बधिर करणारं इंजेक्शन देतो. ती चुणचुण जाणवते, नंतर फक्त दाबल्यासारखं वाटतं. बारीक सुई नाडीच्या दिशेने सरकवली की लालभडक रक्त येतं, मग सुईवरची प्लास्टिकची नळी आत सरकवून सुई काढून घेतो. आत राहते ती फक्त मऊ नळी. तिला सलाइन भरलेली कडक ट्यूब जोडतात, सलाइनच्या पिशवीवर ३०० मिमी पाऱ्याचा दाब ठेवतात म्हणजे रक्त मागे येऊन गोठत नाही, आणि मध्ये ट्रान्सड्यूसर नावाची छोटी डबी असते. धमनीतला दाब सलाइनमधून त्या डबीपर्यंत पोहोचतो आणि मॉनिटरवर लाल लाट उमटते.

कडक धमनीत हे काम अवघड होतं. बोटाला ती दोरीसारखी लागते, सुईखालून निसटते, नाहीतर नळी पुढे सरकत नाही. अशा वेळी सोनोग्राफीचं छोटं प्रोब ठेवून आत बघत बघत लाइन टाकणं चांगलं. दोनदा टोचावं लागलं तर डॉक्टर नवखे आहेत असं लगेच समजू नका.

धमनीला थेट नळी जोडून दाब मोजण्याची कल्पना पट्ट्यापेक्षा जुनी आहे. इंग्लंडमधल्या स्टीफन हेल्स या धर्मोपदेशकाने घोडीच्या धमनीला काचेची उंच नळी जोडली आणि रक्त ८ फुटांहून वर चढलेलं पाहिलं. हा प्रयोग त्याने १७३३ साली प्रसिद्ध केला. दंडाच्या पट्ट्याचं उपकरण इटलीच्या रिव्हा-रोच्चीने आणलं ते १८९६ मध्ये.

त्या लाइनमुळे हात काळा पडतो म्हणे?

हाताला रक्त देणाऱ्या धमन्या दोन असतात, एक अंगठ्याच्या बाजूने आणि एक करंगळीच्या. एक काही काळ बंद झाली तरी दुसरी भागवते. लाइन काढल्यावर काही दिवस नाडी मंद लागू शकते, पण हाताला कायमची इजा होण्याचं प्रमाण हजारात एकापेक्षा कमी आहे. बोटं गार पडली, पांढरी दिसली किंवा खूप दुखू लागली तर सिस्टरना लगेच सांगा.

मनगटातूनच अँजिओग्राफी झाली आहे. सर्जन हाताची धमनी ग्राफ्टसाठी घेणार आहेत. डायलिसिससाठी हाताची धमनी आणि शीर जोडून केलेला फिस्टुला आहे. मग लाइन कुठे टाकणार?

तिन्ही गोष्टी आदल्या दिवशी भूलतज्ज्ञाला आठवणीने सांगा, फाइलमध्ये लिहिल्या असल्या तरी. अँजिओग्राफीनंतर ती धमनी कधी कधी बंद झालेली असते. ग्राफ्टसाठी घ्यायच्या हाताला सुई लावत नाहीत. फिस्टुलाच्या हाताला तर लाइन नाही आणि पट्टाही नाही. दुसरा हात किंवा जांघ, यातून मार्ग निघतो.

पट्टा १४० दाखवतो आणि लाइन १६०. खरं बीपी कोणतं?

दोन्ही खरे असू शकतात आणि दोन्ही चुकीचेही. आधी लाइनची तपासणी करायची. ती डबी हृदयाच्या पातळीला, साधारण काखेच्या मध्यरेषेवर आणि छातीच्या चौथ्या फासळ्यांच्या फटीसमोर असावी लागते. पलंग वर केला आणि डबी स्टँडवर तशीच राहिली, तर दर १० सेंटीमीटरला सात-आठ मिमीचा फरक पडतो. ट्यूबमध्ये हवेचा बुडबुडा असेल, रक्ताची गाठ असेल, मनगट वाकलं असेल तर लाट चपटी होते आणि वरचा आकडा खोटा कमी दिसतो. उलट लाट फार टोकदार उसळत असेल तर वरचा आकडा खोटा जास्त. हे तपासायला आम्ही सलाइन जोरात सोडणारा फ्लशचा चाप क्षणभर ओढून सोडतो आणि लाट कशी स्थिरावते ते बघतो.

लाइन ठीक असली तरी फरक उरतो. हृदयापासून दूर जाताना लाटेचं टोक उंच होत जातं, म्हणून मनगटातलं वरचं बीपी महाधमनीपेक्षा थोडं जास्त असतं. तरुणांत हे जास्त, ताठर धमन्यांत कमी. पट्ट्याचं मशीन तर मोजतं मुख्यतः सरासरी, आणि वरचा-खालचा आकडा हिशेबाने काढतं. तो हिशेब सर्वसाधारण धमन्यांवर बेतलेला असतो. कॅल्शियम भरलेली धमनी पट्ट्याने नीट दाबली जात नाही, मग बीपी आहे त्यापेक्षा जास्त दिसू शकतं. या सगळ्या गोंधळात कमीत कमी चुकतं ते सरासरी बीपी. म्हणून निर्णय घेताना आमची नजर आधी तिकडे जाते. मॉनिटरवर कंसात असतो तो आकडा.

हृदय बंद ठेवलेलं असताना बीपी किती ठेवतात?

हार्ट-लंग मशीनवर एकच आकडा असतो, सरासरीचा. तो बहुधा ५० ते ८० च्या दरम्यान ठेवतात. ऐकायला कमी वाटतो, पण रक्ताचा प्रवाह यंत्राच्या हातात असतो आणि शरीर बऱ्याचदा थोडं थंड केलेलं असतं. वर्षानुवर्षं उच्च रक्तदाब असलेल्या, ताठर धमन्यांच्या माणसाचा मेंदू मात्र चढ्या दाबाला सरावलेला असतो, त्याला ५५ पुरेल असं गृहीत धरता येत नाही. त्याच्यासाठी आम्ही आकडा वरच्या बाजूला ठेवतो आणि सोय असेल तिथे कपाळावर चिकटपट्टीसारखे सेन्सर लावून मेंदूतल्या ऑक्सिजनवर लक्ष ठेवतो.

बीटिंग हार्ट पद्धतीत हा त्रास नसतो ना?

त्याचं वेगळं असतं. भारतात बायपासची बरीच ऑपरेशनं धडधडत्या हृदयावरच होतात. हृदयाच्या मागच्या धमनीवर टाके घालायला सर्जनला हृदय उचलून वळवावं लागतं, आणि त्या क्षणी बीपी धाडकन पडतं. टेबल डोक्याकडून खाली झुकवणं, सलाइन, नॉरअ‍ॅड्रेनलिनची (बीपी वाढवणाऱ्या औषधाची) बारीक मात्रा, आणि तेवढ्याने नाही भागलं तर “सर, हृदय जरा खाली ठेवा” असं स्पष्ट सांगणं. सर्जन आणि भूलतज्ज्ञ यांच्यात हे बोलणं मोकळेपणाने होत असेल तर ऑपरेशन सुरक्षित होतं.

महाधमनीच कडक असेल तर ऑपरेशनची पद्धत बदलते का?

बदलते, आणि बदललीच पाहिजे. मशीनची नळी महाधमनीत घालतात, तिला चिमटा लावतात, ग्राफ्टची टोकं तिलाच शिवतात. भिंतीत चुना साचला असेल तर या हाताळणीत त्याचे कण सुटून मेंदूत जाऊ शकतात. बायपासनंतरच्या पक्षाघाताचं हे एक मोठं कारण. म्हणून छाती उघडल्यावर महाधमनीवर सोनोग्राफी प्रोब ठेवून मऊ जागा शोधतात. भिंत सगळीकडेच चिनी मातीच्या भांड्यासारखी झाली असेल तर महाधमनीला हातच न लावता, छातीतल्या धमन्यांवर सगळे ग्राफ्ट जोडायची पद्धत निवडतात. नळी घालताना आम्ही वरचं बीपी थोडा वेळ १०० च्या आसपास उतरवतो, कारण चढ्या दाबाखाली भिंत उभी फाटण्याचा धोका असतो.

मशीनवरून काढल्यावर मनगटात ७० आणि जांघेत ९५ दाखवत होतं असं डॉक्टर म्हणाले. हे कसं?

मशीन बंद केल्यावर काही पेशंटमध्ये हाताच्या धमन्यांतला दाब महाधमनीपेक्षा तात्पुरता कमी दिसतो. मनगटाच्या आकड्यावर विसंबून औषधं वाढवत गेलं तर नुकत्याच शिवलेल्या महाधमनीवर नको तेवढा दाब येतो. शंका आली की सर्जन महाधमनीवर बोट ठेवून बघतात, किंवा तिथला वा जांघेतला दाब थेट मोजतात. बहुतेकांचा फरक थोड्या वेळात मिटतो.

आयसीयूच्या काचेतून बघतो तर आकडा सारखा वरखाली. आम्ही काय समजायचं?

खोकला आला, कूस बदलली, श्वासनळीतला कफ ओढला की बीपी २०-३० ने वर जाऊन परत येतं. हात दुमडला की लाट चपटी होते आणि अलार्म वाजतो. पहिल्या रात्री आमची धडपड दोन्ही कडांच्या मध्ये राहण्याची असते: फार चढलं तर टाक्यांतून रक्तस्राव, फार उतरलं तर किडनी आणि नव्या ग्राफ्टला रक्त कमी. म्हणून आकड्याकडे टक लावून बसण्यापेक्षा भेटीच्या वेळी डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा: लघवी नीट होते आहे का, बीपीसाठी लावलेली औषधं वाढली की कमी झाली, छातीच्या नळीतून रक्त किती आलं.

आदल्या रात्री बीपीच्या गोळ्या घ्यायच्या का?

स्वतःच्या मनाने काही बंद करू नका, काही चालूही ठेवू नका. साधारण पद्धत अशी: मेटोप्रोलॉलसारखी बीटा ब्लॉकर सकाळपर्यंत चालू, टेल्मिसार्टन किंवा रामिप्रिल गटातली गोळी आदल्या दिवशी थांबवतात, कारण भुलीत बीपी फार पडतं. रक्त पातळ ठेवणारी क्लोपिडोग्रेल शक्य असेल तर ५ दिवस आधी बंद. तुमच्या पेशंटची यादी डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या.

घरी आल्यावर बीपी कसं मोजायचं?

दंडावर लावायचं मशीन घ्या, मनगटावरचं नको. पट्टा दंडाच्या घेराला साजेसा हवा. जाड दंडाला छोटा पट्टा लावला की बीपी जास्तच दिसणार. चहा, तंबाखू, जिना यानंतर अर्धा तास जाऊ द्या. लघवीला जाऊन या, पाठ टेकून पाच मिनिटं गप्प बसा, पाय जमिनीवर, हात टेबलावर छातीच्या उंचीला. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा आणि दोन्ही आकडे वहीत लिहा. सकाळी गोळ्यांआधी आणि संध्याकाळी जेवणाआधी, एवढं पुरे. दर तासाला मोजत बसलं की भीतीनेच बीपी वाढतं.

ताठर धमन्यांच्या पेशंटचं बीपी उभं राहूनही मोजा, उठल्यावर एक मिनिटाने आणि तीन मिनिटांनी. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने पडत असेल तर गोळ्यांचा डोस बदलावा लागू शकतो. रात्री बाथरूमला उठताना पडलेली आजी-आजोबा मंडळी आम्ही फार बघतो.

बहुतेकांसाठी १३०/८० च्या खाली हे लक्ष्य असतं, पण वरचा आकडा तिथे आणताना खालचा ५५ वर जात असेल तर डॉक्टर थोडं सैल लक्ष्य ठरवतील. आणि बायपासनंतर साधारण चौघांत एकाची नाडी काही दिवस अनियमित होते. तेव्हा घरगुती मशीन दर वेळी वेगळाच आकडा दाखवतं; तीनदा मोजून सरासरी घ्या आणि नाडी अनियमित असल्याचं डॉक्टरांना कळवा.

बायपासने धमन्या पुन्हा मऊ होतात का?

होत नाहीत. बायपास ब्लॉकला वळसा घालतो, भिंत होती तशीच राहते. साचलेला चुना निघत नाही, पण ताठरपणा वाढण्याचा वेग रोखता येतो आणि काही प्रमाणात तो उतरतोही: रोजचं चालणं, आटोक्यातली साखर, नियमित गोळ्या, दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ. पापड, लोणचं, खारे शेंगदाणे, फरसाण हे सगळं त्या ५ ग्रॅममध्येच धरायचं. तंबाखू पूर्ण बंद, आणि त्यात मिश्रीही आली. “आई सिगारेट ओढत नाही, फक्त मिश्री लावते” हे वाक्य मी फार वेळा ऐकतो. मिश्रीतलं निकोटीन हिरड्यांतून थेट रक्तात जातं.

कोणत्या आकड्याला रात्रीच फोन करायचा?

वरचं बीपी ९० च्या खाली आणि सोबत चक्कर, घाम किंवा अंधारी. १८० च्या वर आणि पाच मिनिटं शांत बसून पुन्हा मोजल्यावरही तेवढंच. छातीत दुखणं, दम लागणं, तोंड वाकडं होणं, बोलणं अडखळणं, हातपाय लुळा पडणं यापैकी काही झालं तर बीपी मोजत बसू नका; सरळ १०८ ला फोन करून हॉस्पिटल गाठा आणि बीपीची वही व गोळ्यांची पिशवी सोबत घ्या.